एकच अल्बम, अनेक वेष्टने: जॅझच्या जुन्या सीडी कशा वाचाव्यात

नागपुरात राहून जॅझच्या सीडी जमवायच्या म्हटल्या, तर वस्तू आधी हातात घेऊन पाहण्याची सोय जवळपास नसते. सीताबर्डीच्या दुकानांत कॅसेटी आणि चित्रपटगीतांच्या सीडी मिळत असत त्या काळातही जॅझचा खण असलाच तर वीतभर असे. आता माझ्या घरी जे काही येते ते परगावच्या किंवा परदेशातल्या विक्रेत्याकडून, टपालाने, आणि तेही दोन छायाचित्रे व चार ओळींचे वर्णन पाहून. त्या चार ओळींत ‘पेपर स्लीव्ह, ओबीसह’, ‘क्लब आवृत्ती’, ‘कट-आउट’, ‘धातूचा कणा’ असे शब्द असतात आणि एकाच अल्बमच्या पाच प्रतींच्या किमती शेकड्यांपासून हजारांपर्यंत पसरलेल्या दिसतात. नव्या माणसाला वाटते की हा फरक आवाजाचा असणार. पुष्कळदा तो आवाजाचा नसतोच. तो पुठ्ठा, कागद आणि प्लास्टिक यांचा असतो. म्हणून वेष्टन वाचता आले पाहिजे, कारण ती चकती कोणत्या देशात, कोणत्या सुमारास आणि कोणत्या ग्राहकासाठी काढली गेली, हे बहुतांशी वेष्टनावरच लिहिलेले असते.

या सगळ्या वेगवेगळ्या वेष्टनांचे मूळ एका साध्या अडचणीत आहे. जॅझची जी ध्वनिमुद्रणे आज पुन्हापुन्हा काढली जातात, त्यांतली बरीचशी १९५० आणि १९६० च्या दशकांतली, म्हणजे एलपी तबकडीसाठी केलेली आहेत. एलपीचे कव्हर साधारण ३१ सेंटिमीटर लांब-रुंद असे. पुढे छायाचित्र आणि अक्षररचना, मागे जाणकाराने लिहिलेला दीर्घ परिचयलेख, वादकांची नावे, तारखा. सीडी १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली तेव्हा तिची चकती अवघी १२ सेंटिमीटर व्यासाची होती आणि तिच्या डबीत बसणारी पुस्तिकाही तेवढीच. हिशेब केला तर जुन्या कव्हराच्या तुलनेत छपाईचे क्षेत्रफळ जवळपास सातव्या हिश्शावर आले. त्या मोठ्या कव्हरावरचे काय ठेवायचे, काय गाळायचे आणि काय नव्याने लिहायचे, या प्रश्नाला निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळ्या काळी दिलेली उत्तरे म्हणजे ही वेष्टने होत.

हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही, हे सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’वरून चांगले कळते. डिसेंबर १९६४ मध्ये मुद्रित झालेल्या या अल्बमचे मूळ कव्हर पुस्तकासारखे उघडणारे, म्हणजे गेटफोल्ड होते आणि त्याच्या आत कोलट्रेनने श्रोत्यांना उद्देशून लिहिलेले पत्र व एक प्रार्थनाकाव्य छापलेले होते. अल्बमच्या चौथ्या भागात तो सॅक्सोफोनवर जे वाजवतो ते म्हणजे त्याच काव्याचे, शब्दामागून शब्द घेत केलेले पठण आहे. कविता समोर ठेवून तो भाग ऐकला की कोणता सूर कोणत्या शब्दावर येतो हे बोट ठेवून दाखवता येते. कवितेविना ऐकला तर तो एक संथ, गंभीर आलाप वाटतो. ज्या आवृत्तीत ती कविता गाळली आहे किंवा भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतकी बारीक छापली आहे, तिच्यात चकतीवरचा आवाज पूर्ण असला तरी संगीताचा एक अंश श्रोत्यापर्यंत पोचतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वेष्टनांकडे वळू. सगळ्यांत परिचित ती ज्वेल केस, म्हणजे झाकण, तळ आणि चकती अडकवायचा ट्रे अशा तीन तुकड्यांची कडक प्लास्टिकची डबी. संग्राहकाने तिच्याबद्दल पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही, की डबीला स्वतःची किंमत नसते. झाकणाला तडा गेला, बिजागरीचा कान तुटला, ट्रेचे दात मोडले, तर कोणत्याही दुसऱ्या डबीचा भाग काढून बसवता येतो. किंमत असते ती आतल्या दोन कागदांना: पुढची पुस्तिका, आणि ट्रेखाली बसणारा मागचा कागद, ज्याच्या दोन्ही कडा वळवून डबीचे कणे तयार होतात. याच कारणाने ‘डबी तुटलेली आहे’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विक्रेत्याकडून मी निर्धास्त घेतो, पण ‘पुस्तिकेला पाण्याचा हलका डाग’ असे वाचले की थांबतो. जुन्या डब्यांचे ट्रे काळे किंवा करडे, अपारदर्शक असत. पारदर्शक ट्रे आणि त्याखालची छपाई ही पुढे १९९० च्या दशकात रुळली. मात्र ट्रे बदलता येत असल्यामुळे केवळ त्यावरून काळ ठरवू नये.

मागचा कागद नीट पाहिला तर बरेच काही हाती लागते. अमेरिकेत बीएमजी आणि कोलंबिया हाउस यांसारखे टपालाने सीडी पाठवणारे क्लब होते आणि ते मूळ कंपनीच्या परवानगीने स्वतःच्या प्रती काढून घेत. अशा प्रतीवर ‘बीएमजी डायरेक्ट मार्केटिंगसाठी उत्पादित’ या अर्थाची ओळ आणि ‘डी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि बारकोडाची जागा पुष्कळदा कोरी असते. संगीत तेच असते. पुनर्विक्रीत मात्र क्लबची प्रत स्वस्त जाते, आणि ज्याला केवळ ऐकायचे आहे त्याने ती आनंदाने घ्यावी. ‘कट-आउट’ म्हणजे कंपनीने न खपलेला माल सवलतीत काढताना डबीच्या कण्यात करवतीने पाडलेली खाच किंवा बारकोडातून पाडलेले भोक; तो माल पुन्हा पूर्ण किमतीत परत येऊ नये म्हणून केलेली ती खूण असते. खाच फक्त प्लास्टिकला असेल तर डबी बदलून प्रश्न मिटतो. ती कागदापर्यंत गेली असेल तर इलाज नाही.

वेष्टनावर विश्वास ठेवावा, पण चकतीची साक्षही काढावी. चकतीच्या चकचकीत बाजूला, मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात, बारीक अक्षरांत मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याचा क्रमांक, कोरलेला असतो. १९९४ पासून त्याच्या जोडीला ‘आयएफपीआय’ ही ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावाची चार अक्षरे आणि पुढे एक संकेत येऊ लागला, ज्यावरून मूळ साचा कोठे तयार झाला आणि चकती कोणत्या कारखान्यात दाबली गेली हे ओळखता येते. त्यामुळे कागदावर १९८७ छापलेले असून चकतीवर हा संकेत दिसत असेल, तर ती चकती १९८७ ची नाही. जुन्याच कागदांवर नंतर काढलेली ती प्रत आहे. ‘पहिली आवृत्ती’ म्हणून जास्त पैसे मागितले जात असतील, तर या कड्याचे छायाचित्र मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

अमेरिकेतल्या लाँगबॉक्सबद्दल थोडक्यात सांगतो. एलपीसाठी बांधलेल्या खणांत सीडी ठेवता यावी म्हणून तिथे ज्वेल केस सुमारे १२ इंच उंचीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकत. कागदाची नासाडी होते म्हणून टीका वाढली आणि एप्रिल १९९३ मध्ये ही पद्धत बंद झाली. घरी नेल्यावर जवळजवळ प्रत्येकाने ते खोके फेकून दिले, आणि म्हणूनच शिल्लक राहिलेल्या लाँगबॉक्सला आज मागणी आहे.

डिजिपॅक हा प्रकार दिसायला ज्वेल केसपेक्षा देखणा आहे: घडीचा पुठ्ठा आणि आत चिकटवलेला प्लास्टिकचा ट्रे. १९९० च्या दशकात इम्पल्सच्या अल्बमांची अशी पुनर्प्रकाशने निघाली, तेव्हा त्या कंपनीचा नारिंगी-काळा कणा आणि उघडणारे कव्हर, दोन्ही पुठ्ठ्यावर पुन्हा आले. व्हर्व्ह कंपनीची ‘व्हर्व्ह मास्टर एडिशन’ ही मालिकाही अशाच घडीच्या पुठ्ठ्यात निघाली. माझी तक्रार एवढीच, की डिजिपॅकचा ट्रे बदलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मागवलेला डिजिपॅक आला तेव्हा पाकीट हलवताच आत काहीतरी खुळखुळले. चकती धरून ठेवणाऱ्या मधल्या दातांपैकी चार तुटून चकतीखाली फिरत होते आणि चकतीवर त्यांचे बारीक ओरखडे उमटले होते. ज्वेल केस असती तर दहा रुपयांत काम झाले असते. इथे ट्रे उपटायचा म्हणजे पुठ्ठ्याची छपाईच सोलून काढायची. तेव्हापासून डिजिपॅक मागवताना दात शाबूत आहेत का, हे मी लेखी विचारून घेतो.

या विषयातला सगळ्यांत समृद्ध भाग जपानचा आहे. जपानी सीडीच्या डाव्या कडेला, कण्यावरून वळवलेली कागदाची एक पट्टी असते. तिला ओबी म्हणतात, किमोनोवर बांधायच्या कमरपट्ट्याचाच तो शब्द आहे. तिच्यावर अल्बमचे नाव जपानी लिपीत, कॅटलॉग क्रमांक, प्रकाशनाची तारीख आणि किंमत छापलेली असते. जपानमध्ये पुस्तकांप्रमाणे ध्वनिमुद्रणांचीही किरकोळ किंमत कंपनी ठरवून देऊ शकते, त्यामुळे तिथली छापील किंमत ही नुसती सूचना नसते. परदेशी आवृत्ती तिथे आयात होऊन स्वस्त पडते, म्हणून देशी आवृत्ती काढणाऱ्या कंपन्या जादा गाणी, जपानी परिचयलेख, उत्तम कागद आणि चोख छपाई देऊन ग्राहकाला आपल्याकडे वळवतात. मूळ अमेरिकी ध्वनिमुद्रणाची जपानी प्रत अमेरिकी प्रतीपेक्षा अधिक निगुतीने बांधलेली का असते, याचे एक मोठे कारण हे आहे.

ओबीवरची किंमत तारखेसारखी वाचता येते, आणि हे मला स्वतःला फार आवडते. सुरुवातीच्या जपानी सीडींच्या कॅटलॉग क्रमांकातच किंमत दडलेली असे: सीबीएस-सोनीच्या ‘३५डीपी’ने सुरू होणाऱ्या प्रती ३,५०० येनच्या, तोशिबा-ईएमआयच्या ‘सीपी३२’ने सुरू होणाऱ्या ३,२०० येनच्या. पुढे १ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये ३ टक्के उपभोग कर आला, १९९७ मध्ये तो ५ टक्के झाला, २०१४ मध्ये ८ आणि २०१९ मध्ये १० टक्के. कंपन्या करासह आणि कराविना अशा दोन्ही किमती छापू लागल्या. ओबीवर २,५०० येनच्या शेजारी २,४२७ हा आकडा दिसला तर कर ३ टक्के होता, म्हणजे ती ओबी १९८९ ते १९९७ यांमधली. शेजारी २,३८१ असेल तर कर ५ टक्के, म्हणजे १९९७ ते २०१४ यांमधली. जपानी लिपीचे एक अक्षर येत नसले तरी एवढे गणित कोणालाही करता येते. ओबी ही सुटी पट्टी असल्यामुळे अनेकांनी ती पहिल्याच दिवशी फाडून टाकली. म्हणूनच ‘ओबीसह’ आणि ‘ओबीविना’ या प्रतींच्या किमतींत इतके अंतर पडते.

जपानी पेपर स्लीव्ह म्हणजे मूळ एलपी कव्हराची साडेतेरा सेंटिमीटरची हुबेहूब लहान प्रतिकृती. तिला ‘मिनी एलपी’ असेही म्हणतात. चांगल्या मालिकांत ही प्रतिकृती केवळ चित्राची नसते, बांधणीचीही असते. माझ्याकडच्या एका स्लीव्हची कड पावसाळ्यात उकलली, तेव्हा मी ती नागपुरातल्याच महाल भागातल्या एका बाइंडरकडे नेली. त्याने ती उजेडाकडे धरली, मागच्या बाजूवरून नख फिरवले आणि म्हणाला, “भाऊ, हा छापील पुठ्ठा नाही. आधी पुठ्ठा कापला, मग त्याच्यावर छापलेला कागद चढवला, आपण रजिस्टरला चढवतो तसाच. पुढचा कागद मागे वळवला अन् त्याच्यावरून मागचा कागद चिकटवला, हे पाहा.” नखाखाली खरोखरच कडेपासून बोटभर आत एक बारीक उंचवटा लागत होता. कड चिकटवताना त्याने पातळ खळ वापरली. “गोंद जास्त झाला तर कागद ओढल्या जाईल,” असे तो म्हणाला.

त्याने नखाने जे ओळखले त्याला जपानी संग्राहकांत नाव आहे. पुठ्ठ्यावर कागद चढवण्याची ही अमेरिकी रीत म्हणजे ‘ए-शिकी’, ‘ए’ पद्धत. आणि पुढच्या चकचकीत कागदाच्या कडा मागच्या बाजूवर उघड्या चिकटवण्याची युरोपीय रीत म्हणजे ‘ई-शिकी’. ब्लू नोट ही न्यूयॉर्कची कंपनी, तेव्हा तिच्या कव्हराची प्रतिकृती ‘ए’ पद्धतीची असेल तर ती मुळाशी प्रामाणिक म्हणायची. काही मालिकांत तर चकतीवरच्या छापील लेबलावर कंपनीचा त्या वर्षीचा पत्ताही जसाच्या तसा ठेवलेला असतो. या प्रतिकृतींचा दोषही तितकाच खरा आहे: मागचा परिचयलेख जसाच्या तसा लहान केल्यामुळे तो वाचता येत नाही, आणि सोबतचा सुटा कागद जपानीत असतो. डोळ्यांना मूळ कव्हर पाहायचे तर पेपर स्लीव्ह, आणि वाचत ऐकायचे तर जाड पुस्तिकेची ज्वेल केस, अशी निवड मी करतो.

जाड पुस्तिकेचे चांगले उदाहरण म्हणजे ब्लू नोटची ‘आरव्हीजी’ मालिका. रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने आधी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात आणि १९५९ पासून एंगलवूड क्लिफ्स इथल्या स्वतःच्या स्टुडिओत ही मूळ मुद्रणे केली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यानेच ती डिजिटल रूपात नव्याने तयार करून दिली. या पुस्तिकांत मूळ परिचयलेख वाचता येईल अशा आकारात आहे, त्यासोबत नव्याने लिहिलेला लेख आहे आणि फ्रान्सिस वुल्फने मुद्रणाच्या वेळी टिपलेली छायाचित्रेही आहेत. दिसायला साधी असली तरी या मालिकेला मी वेष्टनाच्या बाबतीत वरचा क्रम देईन.

ओबीवर मोठ्या अक्षरांत ‘एसएचएम-सीडी’ किंवा ‘ब्लू-स्पेक’ लिहिलेले असले तर मात्र सावधपणे वाचावे. ही २००८ च्या सुमारास आलेली नावे चकतीच्या प्लास्टिकची किंवा साचा बनवण्याच्या तंत्राची आहेत. त्यांवरून मास्टरिंग, म्हणजे चकती काढण्याआधी केलेली आवाजाची अंतिम जुळणी, नवे आहे असे सिद्ध होत नाही. मास्टरिंगचे वर्ष आत बारीक अक्षरांत दिलेले असते आणि आवाजासाठी पैसे मोजायचे असतील तर तेच पाहावे.

युरोपातून येणारी ‘दोन अल्बम एका सीडीवर’ अशी स्वस्त आवृत्ती वेगळ्याच कारणाने निर्माण झाली. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचे संरक्षण पूर्वी ५० वर्षांचे होते. २०११ च्या निर्देशाने ते ७० वर्षांचे झाले, पण १९६३ च्या आधी प्रकाशित झालेली मुद्रणे तोवर मुक्त झालेली होती आणि ती मुक्तच राहिली. त्यामुळे मूळ कंपनीशी संबंध नसलेले प्रकाशकही ती काढू शकतात. एका सीडीवर सुमारे ७४ मिनिटे मावतात आणि एलपी साधारण ४० मिनिटांची असे, म्हणून दोन अल्बम जवळपास बसतात. अशा प्रतीवर मूळ कंपनीचे बोधचिन्ह नसते आणि कव्हरची रंगसंगती पुष्कळदा बदललेली असते. मूळ फीत त्या प्रकाशकाच्या ताब्यात नसते, हे लक्षात ठेवून घ्यावी.

बॉक्स सेटांत ‘मोझेक’ या कंपनीचे संच मला सर्वांत आदरणीय वाटतात. मायकेल कस्कुना आणि चार्ली लूरी यांनी सुरू केलेल्या या कंपनीने १९८३ मध्ये पहिला संच पियानोवादक थेलोनियस मंकचा काढला. मूळ कंपन्यांकडून ठरावीक मुदतीसाठी परवाना घ्यायचा, मोजक्या प्रती क्रमांक घालून काढायच्या आणि मुदत संपली की थांबायचे, ही त्यांची रीत. चकत्या लहान असूनही खोके एलपीच्याच आकाराचे ठेवले, कारण आतल्या पुस्तिकेत मुद्रणाची प्रत्येक तारीख, वादक आणि गाणे वाचण्याजोग्या अक्षरांत यावे. असा संच घेताना पुस्तिका आहे ना, हे आधी विचारावे. तिच्याविना संच निम्मा आहे. कोलंबिया कंपनीने ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचे जे मोठे संच १९९६ पासून काढले, त्यांच्या पहिल्या आवृत्त्यांना धातूचा कणा होता. नंतर तेच संगीत साध्या बांधणीत आले आणि आज किमतीतला फरक त्या कण्यापाशीच आहे.

धातूवरून पियानोवादक बिल इव्हान्सच्या १९९७ च्या संचाचा उल्लेख करायलाच हवा. व्हर्व्हने काढलेला हा १८ सीडींचा संच लोखंडी पत्र्याच्या खोक्यात येतो आणि तो पत्रा मुद्दाम गंजणारा ठेवला आहे. प्रत्येक प्रत आपल्या घरच्या हवेप्रमाणे वेगळी गंजत जावी, अशी ती कल्पना. कल्पना मोठी आहे. पण शेजारच्या पुठ्ठ्यांना तांबूस डाग पडतात, तेव्हा तो संच इतरांपासून वेगळाच ठेवावा लागतो.

वेष्टनाने चकतीच बिघडल्याचीही उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात दाबलेल्या अनेक चकत्यांवरचा संरक्षक थर कागदातल्या गंधकापुढे टिकला नाही आणि चकत्या कडेपासून तपकिरी होत गेल्या. १९८० च्या दशकातल्या जाड दुहेरी डब्यांत चकतीवर स्पंजची गादी घालत. तो स्पंज कालांतराने विरघळून चकतीला चिकटतो. अशी डबी हाती आली तर स्पंज त्याच दिवशी काढून टाकावा.

आपल्या हवेचा विचार इथे स्वतंत्रपणे करावा लागतो. एप्रिल ते जून पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर लागतो. ओल्या वाळ्यातून आलेली दमट हवा दिवसभर खोलीत भरते, रात्री कूलर बंद झाला की तीच खोली कोरडी पडते. पुठ्ठा रोज फुगतो आणि रोज आकसतो; एका बाजूला चकचकीत थर असलेली पेपर स्लीव्ह त्यामुळे हळूहळू धनुष्यासारखी वाकते. ज्वेल केसला याचे काही होत नाही. म्हणून माझ्या घरी ज्वेल केस कूलरसमोरच्या भिंतीवर आहेत, आणि पेपर स्लीव्ह, डिजिपॅक व ओबी आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, प्रत्येक स्लीव्ह तिच्या ओबीसकट स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचे तोंड न चिकटवता, आणि फार घट्ट नाही पण वाकायला जागा राहणार नाही अशा बेताने उभी.